पंखालाही कान असतात

उन्हाळ्याच्या तोंडाशी माठ घ्यायला निघालेल्या बाईकडे कधी नीट पाहिलंय? ती माठ उचलते, आतून-बाहेरून न्याहाळते आणि मग बोटं वाकवून त्यावर टकटक करते. आवाज खणखणीत आला तर माठ पक्का. आवाज बद्द आला तर ती तो मुकाट्याने खाली ठेवते आणि दुसरा उचलते. कुंभारही हुज्जत घालत नाही. कारण डोळ्याला न दिसणारी चीर कानाला कळते, हे दोघांनाही ठाऊक असतं.

मंडळी, आज मी तुम्हाला या टकटकीचीच गोष्ट सांगणार आहे. माठावरची ही टकटक माणसाच्या छातीवर पोचली, रेल्वेच्या चाकांवर गेली आणि शेवटी विमानाच्या पंखात जाऊन बसली. वाटेत तिला काही थोर गणितज्ञ भेटले, काही भीषण अपघातही भेटले.

टकटकीचं शास्त्र व्यवस्थित कागदावर आलं ते १७६१ साली, व्हिएन्ना शहरात. लिओपोल्ड आउएनब्रुगर नावाचे एक डॉक्टर तिथे होते. त्यांचे वडील खानावळ चालवत. पिंपात दारू किती उरली आहे, हे पिंपावर ठोके मारून ओळखायची रीत त्यांनी लहानपणी घरातच पाहिली होती, असं सांगतात. पिंपाच्या भरलेल्या भागाचा आवाज वेगळा, रिकाम्या भागाचा वेगळा. हीच युक्ती त्यांनी रुग्णाच्या छातीवर वापरली. छातीत पाणी झालं असेल तर तिथे आवाज बद्द येतो. त्यांच्या छोट्याशा पुस्तकाची सुरुवातीला फारशी कोणी दखल घेतली नाही. पण आज आपला डॉक्टर पाठीवर बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने ठोकतो, तेव्हा तो आउएनब्रुगर यांचाच धडा गिरवत असतो.

पुढे रेल्वे आली. लांब दांड्याचा हातोडा घेऊन, गाडी थांबली की एकेका चाकावर ठोका मारत जाणारा माणूस जुन्या पिढीतल्या अनेकांनी स्टेशनवर पाहिला असेल. चाक खणखणलं की तो पुढे जाई. विमानं आली, तेव्हा हातोड्याची जागा नाण्याने घेतली. विमानाच्या काही भागांवर तंत्रज्ञ आजही नाण्याने किंवा छोट्या हातोडीने टकटक करत जातात आणि आवाज कुठे बदलतो ते ऐकतात. या पद्धतीचं नावच मुळी नाण्याची चाचणी असं आहे. आर. डी. अॅडम्स आणि पीटर कॉली या दोन ब्रिटिश अभियंत्यांनी १९८८ मध्ये या साध्या टकटकीमागची यंत्रशास्त्रीय कारणं रीतसर मांडून दाखवली.

पण या टकटकीची एक अडचण आहे. ठोका जिथे मारला तिथलंच कळतं. वीतभर पलीकडे काय आहे ते कळत नाही. माठ हातात मावतो. विमानाचा पंख तीस-तीस मीटर लांब असतो. त्यावर बोटाबोटाला टकटक करायची म्हटलं तर विमान उडणार कधी? शिवाय ही तपासणी ठरलेल्या दिवशीच होते. जखम त्यानंतर दुसऱ्याच दिवशी झाली तर?

धातूच्या जमान्यात ही अडचण कशीबशी निभावून नेता येत होती. विमान ज्याचं बनतं तो पदार्थच बदलला, आणि प्रश्न गंभीर झाला.

हा नवा पदार्थ म्हणजे संमिश्र, इंग्रजीत ज्याला कंपोझिट म्हणतात तो. नाव नवं असलं तरी कल्पना आपल्या ओळखीची आहे. कुडाची भिंत आठवा. आत काटक्यांचा किंवा कारवीचा सांगाडा आणि वर शेणामातीचा गिलावा. नुसत्या काटक्या वारा अडवत नाहीत, नुसती माती उभी राहत नाही. दोन्ही एकत्र आल्या की भिंत होते. विमानाच्या संमिश्रात काटक्यांच्या जागी कार्बनचे धागे असतात, आपल्या केसाच्या दहाव्या भागाएवढे बारीक. मातीच्या जागी चिवट राळ असते. धागे एका दिशेत मांडून राळेत भिजवलेला एकेक थर जेमतेम मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढा जाड असतो. असे कितीतरी थर, प्रत्येकाच्या धाग्यांची दिशा वेगळी ठेवून, एकावर एक रचतात आणि उष्णतेत, दाबाखाली घट्ट करतात. तयार होणारा पत्रा अॅल्युमिनियमपेक्षा हलका आणि धाग्यांच्या दिशेने त्याहून कितीतरी बळकट असतो.

या धाग्यांचा इतिहासही वाचण्यासारखा आहे. एडिसन यांनी बांबूचे तंतू जाळून दिव्यासाठी कार्बनची तार बनवली, ती १८८० च्या सुमारास. पण बळकट कार्बन धाग्याचा मार्ग दिसला तो १९५८ मध्ये, अमेरिकेत रॉजर बेकन यांच्या प्रयोगशाळेत. त्यानंतर लवकरच जपानमध्ये अकिओ शिंदो यांनी, आणि १९६३-६४ च्या सुमारास इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या सरकारी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तो कारखान्यात बनवण्याजोगा केला. रोल्स-रॉइस कंपनीने मोठ्या हौसेने आपल्या नव्या जेट इंजिनाच्या पंख्याची पाती याच पदार्थाची करायचं ठरवलं. इंजिनात पक्षी शिरला तर काय होईल, हे पाहण्यासाठी १९७० मध्ये चाचणीत त्या पात्यांवर कोंबडी फेकण्यात आली. पात्यांच्या चिंधड्या उडाल्या. कंपनीला पुन्हा टायटॅनियमकडे वळावं लागलं. त्या इंजिनाचा खर्च पेलता पेलता फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. संमिश्राने जगाला पहिल्याच झटक्यात आपला दुबळा कोपरा दाखवला होता. तो ओढ सोसतो, पण आडवा आघात त्याला सोसत नाही.

तरीही हलकेपणाचा मोह मोठा असतो. हलकं विमान कमी इंधन पितं. बघता बघता संमिश्र आधी सुकाणूत, मग शेपटात आणि शेवटी पंखात व धडात शिरलं. २००९ च्या डिसेंबरमध्ये बोइंग ७८७ पहिल्यांदा उडालं, तेव्हा त्याच्या सांगाड्याचं सुमारे निम्मं वजन संमिश्राचं होतं. या विमानाच्या फरशीखालच्या संमिश्र तुळया आपल्या नागपूरच्या मिहानमध्ये, टाटा समूहाच्या कारखान्यात बनवण्यात आल्या. ४ जानेवारी २००१ रोजी पहिलं उड्डाण केलेल्या आपल्या ‘तेजस’च्या सांगाड्यातही वजनाने सुमारे ४५ टक्के संमिश्र आहे. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर फिरणाऱ्या पवनचक्क्यांची पातीही याच कुळातली, फक्त तिथे धागे काचेचे असतात.

आता या पदार्थाचा खोडसाळ स्वभाव पाहू. त्यासाठी आधी धातूच्या विमानाची एक गोष्ट सांगतो.

२८ एप्रिल १९८८. हवाई बेटांमध्ये हिलोहून होनोलुलूला निघालेल्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाचं छत आकाशात असताना फाटून उडून गेलं. एक हवाईसुंदरी बाहेर फेकली गेली आणि मरण पावली. वैमानिकांनी उघड्या छपराचं ते विमान कसंबसं उतरवलं. चौकशीत एक गोष्ट समोर आली. विमानात चढताना एका प्रवासी महिलेने दाराजवळच्या पत्र्यात एक चीर पाहिली होती. पण ती कोणाला काही बोलली नाही. धातू असा असतो. तो थकतो, त्याला चीर पडते, चीर वाढत जाते आणि बऱ्याचदा पृष्ठभागावर येऊन दिसते. इतकी, की ती एखाद्या प्रवाशालाही दिसावी.

संमिश्राचं तसं नाही. विमानतळावर सामानाच्या गाडीचा धक्का लागला, तंत्रज्ञाच्या हातून पाना पडला किंवा गारा लागल्या, की धातूच्या पत्र्याला पोचा पडतो आणि तो दिसतो. संमिश्राचा पृष्ठभाग मात्र आघातानंतर बहुतांशी पूर्ववत होतो. वर फार तर एक पुसट खळगी उरते. आत थरांमधली राळ तुटलेली असते, पापुद्रे सुटलेले असतात आणि ही जखम आत खोलवर, मागच्या बाजूकडे पसरत गेलेली असते. मुका मार म्हणतो ना आपण, तोच प्रकार. वरून कातडी धड, आत हाड मोडलेलं.

मुका मार काय करू शकतो, हे ६ मार्च २००५ रोजी दिसलं. क्यूबातल्या वारादेरोहून कॅनडातल्या क्वेबेकला एअर ट्रान्सॅट कंपनीचं एअरबस ए-३१० विमान अडीचशेहून जास्त प्रवासी घेऊन निघालं होतं. उंचावर पोचल्यावर मोठा आवाज झाला आणि विमान डावी-उजवीकडे झुलू लागलं. काय झालं ते वैमानिकांना कळेना. त्यांनी विमान खाली आणलं, परत वळवलं आणि वारादेरोलाच सुखरूप उतरवलं. उतरल्यावर पाहतात तो शेपटावरचं सुकाणू जवळजवळ सगळंच गायब! वर संमिश्राची कातडी आणि आत मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी, अशी त्या सुकाणूची घडण होती. कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने निष्कर्ष काढला, की कातडी आणि जाळी सुटण्याचा किंवा जाळी फाटण्याचा दोष उड्डाणाआधीच त्यात असावा आणि उड्डाणात तो वाढत गेला. सुकाणूतले सगळे दोष शोधायला त्या काळी ठरवून दिलेली तपासणी पुरेशी नव्हती, असंही मंडळाने नोंदवलं. म्हणजे विमानाची तपासणी नियमाप्रमाणे व्हायची. डोळे होते, टकटक होती, आणि तरीही जखम लपून राहिली.

मग यावर उपाय काय? अभियंत्यांनी विचार केला, की बाहेरून अधूनमधून ठोकून पाहण्यापेक्षा कानच आत का बसवू नयेत? भिंतीला कान असतात म्हणतात, तसे पंखालाही असू देत. पण आत बसवलेल्या चार कानांना संपूर्ण पंखाचं कसं ऐकू येणार? या प्रश्नाचं उत्तर मात्र शंभर वर्षांपूर्वीच तयार होऊन पडलेलं होतं. त्यासाठी थोडं विजापूरला जाऊ.

गोलघुमटाच्या आतल्या सज्जात उभं राहून भिंतीशी कुजबुजलं, की ३८ मीटर पलीकडे समोरच्या भिंतीला कान लावून बसलेल्या माणसाला ते स्पष्ट ऐकू येतं. सहलीला गेलेल्या प्रत्येक शाळकरी पोराने हे करून पाहिलेलं असतं. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्येही असाच सज्जा आहे. लॉर्ड रेले या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी त्याचा उलगडा केला. आवाज घुमटाच्या पोकळीत विखरून न जाता वाकड्या भिंतीला धरून, तिला चिकटून पुढे सरकतो. १९२१ मध्ये लंडनला गेलेल्या आपल्या सी. व्ही. रामन यांनीही या सज्जात प्रयोग केले होते.

याच रेले यांनी १८८५ मध्ये गणिताने दाखवून दिलं होतं, की घन पदार्थाच्या पृष्ठभागालाही अशीच चिकटून जाणारी लहर असू शकते. ती खोलात शिरत नाही, पृष्ठभागावरूनच पसरते. म्हणून तिचा जोर लवकर ओसरत नाही. भूकंपात अशा लहरींचा मोठा वाटा असावा, असा अंदाजही त्यांनी त्याच लेखात केला. आणि त्याचा पुरावा आला तो भारतातून. १२ जून १८९७ रोजी आसामात महाभयंकर भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातले रिचर्ड डिक्सन ऑल्डहॅम यांनी त्याचा कसून अभ्यास केला. युरोपातल्या दूरच्या उपकरणांवर त्या भूकंपाच्या ज्या नोंदी उमटल्या होत्या, त्यांत त्यांना एकामागून एक पोचलेल्या तीन प्रकारच्या लहरी वेगळ्या ओळखता आल्या. शेवटी पोचणाऱ्या होत्या त्या पृष्ठभागावरून आलेल्या लहरी.

आता पृथ्वीच्या जागी एक पातळ पत्रा घ्या. त्याला दोन पृष्ठभाग असतात, वरचा आणि खालचा. लहर या दोहोंच्या मध्ये कोंडली जाते. शेतकऱ्याला हे चटकन कळेल. मोकळ्या रानात सोडलेलं पाणी इकडेतिकडे पसरून जागच्या जागी मुरतं. तेच पाटातून सोडलं, तर शेताच्या पार टोकाला पोचतं. पत्र्याचे दोन पृष्ठभाग म्हणजे पाटाचे दोन काठ. अशा वाट धरून जाणाऱ्या लहरींना इंग्रजीत ‘गायडेड वेव्हज’ म्हणतात.

पत्र्यातल्या या लहरींचं संपूर्ण गणित १९१७ मध्ये मँचेस्टरचे प्राध्यापक होरेस लॅम्ब यांनी मांडलं. तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. पाण्याच्या प्रवाहांवरचा त्यांचा ग्रंथ तोवर जगभर प्रमाण मानला जात होता. त्यांनी दाखवलं, की पत्र्यात मुख्यतः दोन चालींच्या लहरी संभवतात. एका चालीत पत्रा श्वास घेतल्यासारखा फुगतो आणि आक्रसतो. दुसरीत तो दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखा वरखाली फडफडतो. लॅम्ब यांच्या मनात विमान नव्हतं. त्यांना ओढ होती ती घन पदार्थांच्या गणिताची आणि भूकंपशास्त्राने उभ्या केलेल्या कोड्यांची. पण आज या लहरींना जग लॅम्ब लहरी म्हणूनच ओळखतं.

योगायोग असा, की याच १९१७ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, फ्रान्समध्ये पॉल लँजेव्हँ हे शास्त्रज्ञ समुद्रातल्या पाणबुड्या शोधायच्या खटपटीत होते. त्यांच्या हाती होता क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीचा स्फटिक. त्याला दाबलं की वीज निर्माण होते, आणि वीज दिली की तो थरथरतो. हा गुण १८८० मध्ये पिएर आणि जाक क्यूरी या भावांनी शोधून काढला होता. लँजेव्हँ यांनी असे स्फटिक वापरून माणसाला ऐकू न येणारा, श्राव्यातीत आवाज पाण्यात सोडला आणि त्याचा प्रतिध्वनी टिपला. म्हणजे लहरींचं गणित आणि त्या लहरी उठवणारं, ऐकणारं साधन, दोन्ही एकाच सुमारास तयार होती. एक इंग्लंडमध्ये कागदावर, दुसरं फ्रान्समध्ये पाण्यात. दोघांची गाठ पडायला मात्र चाळीस वर्षं जावी लागली.

मधल्या काळात श्राव्यातीत आवाजाने धातूतले दोष शोधायची पद्धत रुळली. १९२८ च्या सुमारास रशियात सर्गेई सोकोलोव्ह यांनी ती सुचवली. १९४० च्या दशकात अमेरिकेत फ्लॉइड फायरस्टोन यांनी प्रतिध्वनी ऐकणारं उपकरण बनवलं. पण हीदेखील सुधारलेली टकटकच होती. जिथे यंत्र टेकवलं, तिथलंच कळायचं. शेवटी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात, वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डच्या अणुकेंद्रात काम करणाऱ्या डी. सी. वर्लटन यांच्या लक्षात आलं, की पातळ पत्रे तपासायला लॅम्ब यांच्या लहरी नामी आहेत. १९६१ मध्ये त्यांनी अॅल्युमिनियम आणि झिर्कोनियमच्या पत्र्यांत या लहरी प्रयोगाने सिद्ध करून दाखवल्या. लॅम्ब यांना जाऊन तेव्हा सत्तावीस वर्षं झाली होती.

पुढे १९९० च्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात ही विद्या तेल आणि रसायनांच्या नळांसाठी वापरात आली. नाण्याच्या टकटकीची कारणं मांडणारे पीटर कॉली इथेही होतेच. नळाभोवती एका जागी कडं बसवायचं आणि तिथूनच दोन्ही बाजूंचा दहा-दहा, वीस-वीस मीटर नळ तपासायचा. वरचं वेष्टण सगळं सोलून काढायची गरज उरली नाही.

त्याच दशकात ही विद्या संमिश्रापाशी पोचली. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात फू-क्वो चँग यांनी एक पातळ पडदा तयार केला. त्यात विजेच्या तारा छापलेल्या आणि जागोजागी शर्टाच्या बटणाएवढ्या चकत्या बसवलेल्या. क्यूरी बंधूंच्या स्फटिकाचा गुण असलेल्या सिरॅमिकच्या या चकत्या. हा पडदा संमिश्राच्या पत्र्यावर चिकटवता येतो, किंवा पत्रा बनवतानाच त्याच्या थरांमध्ये घालता येतो. १९९७ मध्ये स्टॅनफर्डला या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली. विषयाचं नाव होतं ‘स्ट्रक्चरल हेल्थ मॉनिटरिंग’, म्हणजे रचनेच्या प्रकृतीवर सतत नजर. इथे ‘प्रकृती’ हा शब्द सहज आलेला नाही. गोष्ट पुन्हा डॉक्टरापाशी आली होती.

हे काम चालतं कसं? समजा, पंखाच्या एका भागात आठ चकत्या बसवल्या आहेत. एकीला विजेचा छोटा झटका द्यायचा. ती सेकंदाला लाखभर वेळा थरथरते आणि पत्र्यात लहर उठते. उरलेल्या सात चकत्या ऐकतात. लहरीला मीटरभर अंतर कापायला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. मग दुसरी चकती बोलते, बाकीच्या ऐकतात. असं प्रत्येकीच्या पाळीने. पत्रा धडधाकट असताना हे सगळे आवाज नोंदवून ठेवायचे. ही झाली त्याची निरोगी नोंद. पुढे जेव्हा तपासायचं, तेव्हा तीच प्रश्नोत्तरं पुन्हा करायची आणि जुन्या आवाजातून नवा आवाज वजा करायचा. काहीच उरलं नाही, तर सगळं ठीक. मध्ये कुठे पापुद्रे सुटले असतील, तर लहर तिथे अडखळते, थोडी विखुरते आणि वजाबाकीत काहीतरी उरतं. कोणत्या चकतीला ते कधी ऐकू आलं, यावरून जखमेची जागा काढता येते. आपले डॉक्टर जुना कार्डिओग्राम शेजारी ठेवून नवा वाचतात, तसंच हे.

संमिश्रात एक जादा गुंतागुंत असते. नांगरलेल्या शेतात तासाच्या दिशेने चालणं सोपं आणि आडवं चालणं जिकिरीचं. तशी लहरही धाग्यांच्या दिशेने भरभर जाते, आडवी जाताना मंदावते. शिवाय एकाच लहरीतले निरनिराळे सूर वेगवेगळ्या वेगाने चालतात. पंढरीच्या वाटेवर एकत्र निघालेली दिंडी जशी लांबत जाते, तसा छोटा झटका पुढे जाताना लांबट होतो. हा सगळा हिशेब सोडवायला लॅम्ब यांचं गणित आणि आजचा संगणक, दोन्ही लागतात.

कान बोलूनच ऐकतात असं नाही. ते नुसते ऐकतही राहू शकतात. पत्र्यावर काही आदळलं, तर त्या आघाताचीही लहर उठते, आणि ती टिपता येते. या साध्या गोष्टीची किंमत काय असते, ते १ फेब्रुवारी २००३ रोजी कळलं.

त्या दिवशी ‘कोलंबिया’ हे अंतराळयान परतीच्या वाटेवर फुटलं. आपली कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. यानाच्या पंखाचा पुढचा काठ कार्बनच्या धाग्यांना कार्बननेच बांधून केलेला होता. म्हणजे तोही संमिश्रच. १६ जानेवारीला उड्डाण होताच, ८२ व्या सेकंदाच्या सुमारास, इंधनाच्या टाकीवरचा फेसाचा पाऊण किलोच्या आसपासचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. दुसऱ्या दिवशी चित्रफितीत तो दिसला. काही अभियंत्यांनी पंखाची छायाचित्रं मागितली. ती घेतली गेली नाहीत. हलका फेस इतक्या कठीण पदार्थाला काय करणार, असा समज होता. जुलै २००३ मध्ये चौकशी मंडळाने तसाच तुकडा तशाच काठावर डागून पाहिला. सुमारे ४० सेंटिमीटरचं भगदाड पडलं.

याहून मन खिन्न करणारी गोष्ट पुढे आहे. कोलंबियाच्या अंगात शेकडो संवेदक होते आणि त्यांचं ऐकलेलं टिपून घेणारी पेटीही होती. मार्चमध्ये ती टेक्ससच्या रानात सापडली. ज्वाळा नेमक्या कुठून शिरल्या ते ठरवायला तिची मोठी मदत झाली. पण त्या पेटीतल्या नोंदी उड्डाण चालू असताना जमिनीवर पाठवायची सोयच नव्हती. त्या वाचायच्या होत्या यान परत आल्यावर. यानाला कान होते, पण ते ऐकून वेळेवर सांगणारं कोणी नव्हतं. जुलै २००५ मध्ये ‘डिस्कव्हरी’ झेपावलं, तेव्हा त्याच्या प्रत्येक पंखाच्या पुढच्या काठामागे धक्के टिपणारे ६६ संवेदक बसवलेले होते, आणि त्यांच्या नोंदी उड्डाण चालू असतानाच जमिनीवर वाचल्या जात होत्या. २०११ मध्ये ती यानं निवृत्त होईपर्यंत ही व्यवस्था चालू राहिली.

मग आज सगळ्या प्रवासी विमानांच्या पंखांत असे कान का नाहीत? कारण प्रयोगशाळेतला पत्रा आणि आकाशातला पंख यांत फार अंतर आहे. मे महिन्यात नागपूरच्या धावपट्टीवर ४५ अंशांत तापलेला पंख तासाभरात उणे ५० अंशांत पोचतो. तापमान बदललं की लहरीचा वेग बदलतो. वेग बदलला की वजाबाकीत काहीतरी उरतं, आणि जखम नसताना यंत्र जखम आहे म्हणून ओरडतं. पंखात जोड असतात, खिळे असतात, पट्ट्या असतात. प्रत्येकापाशी लहर परावर्तित होते. शिवाय विमान पंचवीस-तीस वर्षं उडतं. चिकटवलेली चकती तितकी वर्षं टिकेल का? की पंखाच्या आधी कानच आजारी पडेल? या साऱ्यावर शास्त्रज्ञ गेली तीसेक वर्षं झगडत आहेत आणि एकेक अडचण ओलांडत आहेत. विमानांवर अशा व्यवस्था कशा आणाव्यात, याची मार्गदर्शक तत्त्वं २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तरीही नाणं हाती घेतलेल्या तंत्रज्ञाला कोणी घरी पाठवलेलं नाही, आणि इतक्यात पाठवूही नये.

मंडळी, या इतिहासात मला वारंवार एक गोष्ट दिसते. लॅम्ब यांनी गणित मांडलं, तेव्हा त्याचं कोणाला काम नव्हतं. काम पडलं, तेव्हा ते तयार होतं. विद्या कधी अडली नाही. अडलं ते दुसरीकडेच. अलोहाच्या त्या प्रवासी महिलेला चीर दिसली, पण ती बोलली नाही. कोलंबियाच्या अभियंत्यांना शंका आली, ते बोलले, पण त्यांचं ऐकलं गेलं नाही. पंखात कितीही कान बसवले, तरी ते जे सांगतील ते मनावर घेणारा माणूस शेवटी जमिनीवरच लागतो. वेळापत्रक बिघडेल, खर्च वाढेल, हे ठाऊक असूनही विमान थांबवणारा माणूस.

म्हणून मला माठ घेणारी ती बाई आठवते. आवाज बद्द आला, की ती वाद घालत नाही. माठाचं रंगरूप कितीही छान असो, ती तो खाली ठेवते आणि दुसरा उचलते.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)